जे हलत नाही, त्याला तार

घरात नेटसाठी तारा ओढायच्या नाहीत, हे माझं बराच काळ ठाम मत होतं. २०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, पोरांचे तास मोबाइलवर आले आणि आमच्या निमोण्यातल्या मळ्यांवरही लोक ब्रॉडबँडची चौकशी करू लागले. तेव्हापासून मी ज्याला त्याला एकच सांगायचो: जमाना वायरलेसचा आहे, चांगल्यातला राउटर घ्या, कमी पडलं तर पुढे रिपीटर लावा, भिंती फोडू नका. शेजारच्या मळ्यांत, पाहुण्यांकडे, शिरूरला भावकीतल्यांच्या फ्लॅटमध्ये याच मताने मी राउटर बसवून दिले.

आज मी नेमकं उलट सांगतो. आधी तार, मग वाय-फाय. जी वस्तू जागची हलत नाही तिला तार द्या आणि हवा हातात फिरणाऱ्या वस्तूंसाठी मोकळी ठेवा. हे मत का फिरलं ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण आमच्या भागात आजही नवं घर बांधणारा माणूस लाइटच्या आणि पाण्याच्या पाइपा तासन्‌तास विचार करून टाकतो आणि नेटच्या केबलसाठी एकही टाकत नाही.

जुन्या मतालाही आधार होता. लँडलाइनच्या काळातल्या तारा आम्ही पाहिल्या होत्या. पावसाळ्यात जॉइंट गंजायचे, उंदीर कुरतडायचे, बांधाकडेने गेलेली तार नांगराला नाहीतर जेसीबीला लागायची. शिवाय फोनला केबल लावायला जागाच नसते. आणि राउटरच्या खोक्यावरचे आकडे तर मोठे दिलासा देणारे. ‘एएक्स ३०००’ लिहिलेलं वाचलं की वाटतं, आपली लाइन शंभर एमबीपीएसची, हा तीन हजारांचा, मग अडेल कशाला? तो आकडा दोन पट्ट्यांच्या कागदावरच्या वेगांची बेरीज असते: २.४ गिगाहर्ट्‌झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचे २४०२. कोणत्याही एका फोनला तो वेग कधीच मिळत नाही, हे खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं नसतं.

आमचं घर मळ्यात आहे. जुना भाग दगड-मातीचा, हातभर जाडीच्या भिंती, वर पत्रा. त्याला लागून स्लॅबचं नवं घर. मागच्या अंगाला कडब्याच्या गंजीपलीकडे गोठा. भोवती ऊस. घोड धरणाच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केलं. शिरूर-जुन्नरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, दिवस मावळला की पोराला अंगणात एकटं सोडवत नाही. म्हणून गोठ्यावर कॅमेरा आला, तोही माझ्या आग्रहाखातर वाय-फायचा. राउटरचा सिग्नल तिथवर पोचेना, म्हणून मधे जुन्या घरात रिपीटर लावला. चित्र दिसायला लागलं. घरातल्यांना धीर आला.

त्यानंतर घरातलं नेट अडखळायला लागलं. पुतणीचा तास चालू असताना बाईंचा चेहरा स्थिर व्हायचा आणि आवाज तुटत यायचा. रांजणगावच्या कंपनीतून घरी आलेला भाऊ मीटिंगला बसला की त्याचंही तेच. सगळ्यांचा पहिला संशय बाहेरच्या लाइनवर. माझाही.

मग लॅपटॉपवरून मी पिंग लावून बसलो, म्हणजे छोटा निरोप धाडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत. बाहेरच्या कुठल्या संकेतस्थळाला नाही, घरातल्याच राउटरला, १९२.१६८.१.१ या पत्त्यावर. लॅपटॉप तारेने राउटरला जोडला तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत, एकसारखं. तार काढली आणि तेच वाय-फायवरून केलं: तीन, पाच, चाळीस, दोनशे, मधेच उत्तरच नाही, परत चार. इंटरनेट या परीक्षेत आलंच नव्हतं. निरोप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन परत येत होता, एवढंच. गोठ्यावरचा कॅमेरा बंद केला, आकडे खाली आले. चालू केला, पुन्हा वर. नेट अडतंय अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आता सगळ्यात आधी ही पिंग लावतो. दुखणं उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, हे दोन मिनिटांत कळतं, आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा आतच निघतं.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला याचं कारण लगेच समजेल. चारीला पाणी सुटलं की पाळी एकेकाची. ज्याची पाळी त्याचं रान भिजतं, बाकीचे थांबतात. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत धार बारीक झालेली असते, त्यामुळे तेवढंच रान भिजवायला त्याला दुप्पट-तिप्पट तास लागतात आणि तेवढा वेळ बाकीचेही खोळंबतात. वाय-फायचं एक चॅनेल म्हणजे अशी एक चारी. राउटरजवळचा फोन सेकंदाला शेकडो मेगाबिटच्या वेगाने आपलं काम उरकतो आणि हवा मोकळी करतो. भिंतींआडचा, कमजोर सिग्नलचा कॅमेरा पाच-दहा मेगाबिटवर उतरतो आणि तेवढ्याच मजकुरासाठी कितीतरी पट वेळ हवा अडवून धरतो. त्यातून रिपीटर प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो आणि बहुतेक वेळा त्याच चॅनेलवर परत बोलतो, म्हणजे एकाच मजकुराला हवा दोनदा लागते. कॅमेऱ्याची गरज दोन-चार मेगाबिटची आणि लाइन शंभरची, असा हिशोब मी करत होतो. हिशोब मेगाबिटचा नव्हताच, हवेतल्या वेळेचा होता.

आजच्या नेटवर्कची सुरुवात याच अडचणीतून झाली, हे नंतर वाचताना कळलं आणि मला त्यात फार रस वाटला. १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया, मग थोडं थांबून पुन्हा बोलावं. अशा पद्धतीत चॅनेलच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच कामी येते, हे गणिताने दाखवून दिलं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी ते काम अभ्यासलं आणि २२ मे १९७३च्या टिपणात इथरनेटची कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात आणली. पण ते पहिलं इथरनेटही सामाईकच होतं. एक जाड केबल आणि सगळी यंत्रं तिच्यावर. बोलण्याआधी ऐकायचं, टक्कर झालीच तर थांबायचं. पुढे हब आले, त्यांच्यातही एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानी. १९९०च्या सुमारास कल्पना नावाच्या कंपनीने इथरनेटचा स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक तिचे एक संस्थापक, कंपनीला नाव पत्नीचं. १९९४मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विचमुळे प्रत्येक यंत्राला स्वतःची वाट मिळाली, एकाच वेळी ऐकायला आणि बोलायलाही.

म्हणजे वीस वर्षं खपून लोकांनी सामाईक चारीवरून प्रत्येकाला स्वतंत्र पाइपलाइन काढून दिली, आणि मी घरातली प्रत्येक वस्तू उचलून परत त्या चारीवर नेऊन बसवत होतो. हे एकदा लक्षात आलं आणि माझं जुनं मत टिकलं नाही.

थोरल्या चुलत्यांना पटवणं मात्र सोपं गेलं नाही. “अरे, घराची चाळण करायचीय का तुला?” म्हणाले. “आप्पा, दोनच भोकं पाडतो. एक ह्या भिंतीला, एक जुन्या घराच्या. ती पण माळ्याच्या अंगाला, दिसायची नाहीत,” मी म्हणालो. ते तिथेच खुर्ची टाकून बसले आणि ड्रिल आरपार जाईपर्यंत उठले नाहीत.

स्विच आणला तो आठ पोर्टांचा, साधा गिगाबिटचा, लोखंडी खोक्यातला. दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. त्याला पासवर्ड नाही, ॲप नाही, सेटिंग नाही. कोणत्या पोर्टला कोणतं यंत्र आहे हे येणाऱ्या मजकुरावरचा मॅक पत्ता वाचून तो स्वतःच शिकतो आणि पुढचा मजकूर नेमका त्याच पोर्टला देतो. टीव्ही, कामाच्या टेबलावरचा लॅपटॉप, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, जुन्या घरातलं वाय-फाय, सगळं त्याच्यावर आलं. एवढी वजनदार मंडळी हवेतून खाली उतरल्यावर उरलेल्या फोनांना वाय-फाय असं काही मोकळं मिळालं की नवा राउटर आणलाय का, असं वहिनींनी विचारलं. राउटर तोच होता.

केबलबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण फसवणूक इथे होते. दुकानात ‘कॅट सिक्स’ म्हणून जे स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. घेताना टोक सोलावं आणि आतली एक बारीक तार ब्लेडने खरवडावी. आतही लालसर दिसली तर तांबं, पांढरी चमकली तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची तार दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज द्यायची म्हटलं तर जास्त तापते. टोकाला आरजे-४५ बसवताना रंगांचा क्रम पाळायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पुतण्या हे आता न बघता म्हणतो. आठही टोकं एका रेषेत कापायची, क्लिप खाली धरून आत सारायची, समोरून आठ तांबडे ठिपके दिसतात का पाहायचं आणि मगच पकड दाबायची. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही तर जोडणी बऱ्याचदा बंद न पडता गुपचूप शंभरवर उतरते आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या घरात रिपीटर काढून मी दुसरा राउटर लावला, तारेवर. इथे एक गोष्ट घरोघरी चुकलेली सापडते. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यातच राउटर असतो. विकत आणलेला दुसरा राउटर त्याच्या मागे जोडला की एका घरात दोन राज्यं होतात. दोघंही आपापले पत्ते वाटतात, इकडच्या फोनला तिकडचा टीव्ही दिसत नाही, प्रिंटर सापडत नाही. दुसऱ्याला राउटर राहू द्यायचंच नाही, त्याचा ॲक्सेस पॉइंट करायचा. त्यात तशी सोय दिलेली असेल तर एका बटणाचं काम. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा, पहिल्याच्याच मालिकेतला पण वाटपाबाहेरचा करायचा, त्याचं पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करायचं, आणि केबल ‘वॅन’च्या पोर्टला न लावता ‘लॅन’च्या पोर्टला लावायची. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, म्हणजे फोन चालता चालता आपोआप पलीकडे जातो. चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. नव्या घरात १, जुन्यात ११. दोन फुटी दगडी भिंत पूर्वी माझी वैरी होती. आता तीच भिंत दोन्हीकडच्या वाय-फायला एकमेकांपासून वेगळं ठेवते.

साध्या स्विचचा एक दोष सांगून ठेवतो. एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच्या दोन पोर्टांत गेली की मजकूर आत गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकदम लपलपतात आणि अख्खं घर बंद पडतं. मोठ्या स्विचमध्ये हे ओळखून वाट तोडायची सोय असते, ती युक्ती रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये शोधली. स्वस्तातल्या स्विचमध्ये ती नसते. आमच्याकडे कपाटामागे सुटं लोंबणारं टोक कोणीतरी मोकळ्या पोर्टात खोचून ठेवलं आणि संध्याकाळ त्यात गेली. तेव्हापासून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवलेली आहे.

लाइटचा प्रश्न मळ्यात राहणाऱ्यालाच कळतो. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच, तीही कधी दिवसाची, कधी रात्रीची. पूर्वी राउटर एका खोलीत, रिपीटर दुसऱ्या, कॅमेरे तिसरीकडे, प्रत्येकाचा अडॅप्टर निराळ्या प्लगला. लाइट गेली की नेमका कॅमेरा डोळे मिटायचा, आणि बिबट्याचा वावर अंधारातलाच. तारेवर आल्यावर घराच्या कॅमेऱ्यांना वीजसुद्धा केबलमधूनच जाते. २००३पासून त्याचं मानक आहे, स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत, आणि कॅमेऱ्याला ते भरपूर होतात. फायबरचा डबा, राउटर, वीज देणारा स्विच आणि एनव्हीआर एकाच फळीवर, त्यांच्यामागे एकच इन्व्हर्टर. लाइट गेली तरी अंगण दिसत राहतं. तारेच्या बाजूने माझं मत पक्कं झालं ते वेगामुळे कमी आणि यामुळे जास्त.

तरी तारेचीही मर्यादा एका वळवाच्या पावसाने दाखवली. गोठ्यापर्यंत मी तांब्याचीच केबल खांबांवरून नेली होती. शंभर मीटरची मर्यादा पाळली होती, म्हणून निर्धास्त होतो. मे महिन्यात वीज कडाडली, आमच्यावर पडलीसुद्धा नाही, पलीकडच्या रानात कुठेतरी. सकाळी गोठ्याचा कॅमेरा आणि घरातल्या स्विचचे काही पोर्ट मेलेले. उघड्यावरून गेलेल्या लांब तांब्याच्या तारेत विजेचा झटका दुरूनही उमटतो. शिवाय घराचं आणि गोठ्याचं अर्थिंग वेगळं. दोन अर्थिंगमध्ये फरक पडला की तो फेडायला करंट हीच तार धरतो.

तेव्हापासून दोन इमारतींमध्ये तांबं नाही. काच. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर आणि मधे फायबर, जमिनीखालून एचडीपीई पाइपमधून, नांगर लागणार नाही अशा बांधाच्या कडेने. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. ड्रॉप केबलला आधारासाठी जी पोलादी तार असते ती मात्र भिंतीबाहेरच तोडायची, नाहीतर काचेच्या सोबत लोखंड घरात येतं आणि सगळी खटपट फुकट. गोठ्यातल्या टोकाला छोटा स्विच आणि त्याची स्वतःची बॅटरी.

फायबर म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम, असं मला वाटायचं. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन हातांवर पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणं हेच तिचं काम, पण प्रत्येक अँटेनाने टिपलेलं मध्यवर्ती केंद्रात येतं ते ऑप्टिकल फायबरमधून. रेडिओचं एवढं जाणणाऱ्या माणसांनीही एका जागी उभ्या असलेल्या वस्तूंची गाठ घालताना हवेवर भिस्त ठेवली नाही. मला हे फार आश्वासक वाटतं.

जुन्या मतातलं काही मी अजून सोडलेलं नाही. शिरूरला दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने भिंतीला हात लावू नये. राउटर दाराजवळच्या कोपऱ्यातून उचलून घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, फ्रिज आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवला की त्याचं भागतं. नव्या वाय-फाय ६मध्ये एकाच वेळी अनेकांना हवेचे बारीक तुकडे वाटून देण्याची सोय आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. मेशचे डबेही वाईट नाहीत, फक्त त्यांच्या पाठीला तार जोडावी. ती सोय बहुतेकांना दिलेली असते आणि क्वचितच कोणी वापरतं.

पण ज्याचं बांधकाम चालू आहे त्याच्याकडे मी आता गिलाव्याआधी जातो, न बोलावताही. टीव्हीच्या भिंतीला एक पाइप, अभ्यासाच्या टेबलाला एक, प्रत्येक मजल्याच्या छताला मधोमध एक, चारही कोपऱ्यांना कॅमेऱ्यांसाठी एकेक, आणि गोठ्याच्या किंवा विहिरीच्या दिशेने एक रिकामी. सगळ्या पाइपा जिन्याखाली एका जागी आणायच्या, लाइटच्या पाइपेपासून वीतभर लांब, आणि लाइटची पाइप ओलांडायची असेल तर काटकोनात. आत केबल आज टाकली नाही तरी चालेल, ओढायला नायलॉनची दोरी घालून ठेवा. पाइप एक इंची घ्या. पाऊण इंचीत पहिली केबल आरामात जाते, पण काही वर्षांनी दुसरी ओढायला गेलं की ती वळणावर अडकते.